चतुःसीमेतला शेजारी

बाणेरमधल्या एका गल्लीत दोन बंगल्यांच्या मधला रिकामा प्लॉट बघायला एक जोडपं आलं होतं. टेपचं एक टोक एजंटच्या हातात, दुसरं त्या गृहस्थांच्या. गुडघाभर गाजरगवतातून टेप सरळ जात नव्हती, म्हणून दोघं थांबून थांबून ती झटकत होते. बाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून घराचं तोंड कुठे येईल याचा अंदाज घेत होत्या. शेजारच्या गच्चीत एक काका कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी नळी बाजूला धरली आणि वरूनच विचारलं, ‘‘ही जागा घेताय? कोर्टात होती ना ही?’’ आवाजात खवचटपणा नव्हता, काळजीच होती म्हटलं तरी चालेल. ‘‘नाही हो काका, ते कधीच मिटलं,’’ एजंट म्हणाला. पण टेप गुंडाळली गेली, आणि त्या जोडप्याचा मालकाला पुन्हा फोन आला नाही.

दावा खरंच झालेला होता. तो मागे घेतल्याचा न्यायालयाचा आदेशही होता, पण मालकाच्या कपाटात. काका खोटं बोलले नव्हते. जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी सांगितलं, आणि तेवढ्याने व्यवहार मोडला. हे मनातून जात नाही. शेजारी लबाड असता तर त्याच्यावर रागावून मोकळं होता आलं असतं.

पुण्यात रिकामा प्लॉट फार काळ रिकामा राहत नाही. मालक अमेरिकेत, नाहीतर नोकरीनिमित्त नागपूरला, आणि इथे त्याच्या जागेचा एक वेगळाच संसार सुरू झालेला असतो. पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो, भिंतीच्या कडेने घाणेरी माजते. मुलं क्रिकेट खेळतात. शेजारची गाडी आधी कडेला आणि मग हळूहळू आत लागते. कोणीतरी कढीपत्ता लावतं, त्याला रोज पाणी घालतं, आणि चार वर्षांत सगळ्या गल्लीच्या फोडणीला तिथलाच कढीपत्ता जातो. शेजारच्या स्वयंपाकघराला या मोकळ्या बाजूने उजेड मिळतो, उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा तिथूनच येतो. रात्री राडारोड्याचा टेम्पो येऊन रिकामा व्हायला लागला की पहिला आवाज शेजारीच देतो, आणि मालकाला फोनही तोच करतो. पंधरा-वीस वर्षं ज्याने जागेवर अशी नजर ठेवली, त्याला एके दिवशी कळतं की जागा विकली जाते आहे, आणि तेही एजंटाकडून. त्याच्या मनात काय येत असेल? आता इथे किती मजली उठणार, पाया खोदताना आपल्या भिंतीला तडे जातील का, पार्किंगचं काय, बोअरचं पाणी खाली जाईल का. यातला एकही प्रश्न वेडगळ नाही. ते प्रश्न तो मालकाला विचारत नाही, जागा बघायला आलेल्या माणसाला विचारतो, आणि तिथे घोटाळा होतो.

खरेदीखतात मिळकतीच्या वर्णनानंतर चतुःसीमा येते. पूर्वेस अमुक यांची मिळकत, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस तमुक यांचा प्लॉट. म्हणजे शेजाऱ्याचं नाव आपल्या दस्तात असतं, पण त्याची सही कुठेच लागत नाही. महाराष्ट्रात मालकीच्या मोकळ्या प्लॉटवर शेजारी म्हणून कोणाला पहिला खरेदीहक्क नाही, आणि ‘आम्हाला विचारल्याशिवाय कसं विकलं’ या तक्रारीला कायद्यात जागा नाही. पण शेजाऱ्याचे काही हक्क खरेखुरे असू शकतात: हद्दीचा, वाटेचा, वीस वर्षांच्या वहिवाटीचा, आणि तो भाऊबंद असेल तर वारसाचा. विकणाऱ्याने ग्राहक आणण्याआधी हे हक्क कुठे आहेत आणि कुठे नाहीत ते कागदावर उतरवून घ्यावं. मग बाकीच्या बोलण्याला उत्तर द्यावं लागत नाही, कागद पुढे केला की पुरतं.

सगळ्यात आधी मोजणी. खासगी सर्व्हेअरकडून टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने नकाशा करून घेतला तर आपल्याला अंदाज येतो, पण शेजाऱ्यापुढे आणि ग्राहकाच्या वकिलापुढे तो टिकत नाही. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम करण्यासाठी मोजणीचा अर्ज करावा लागतो. तो आता ऑनलाइन भरता येतो, नियमित किंवा द्रुतगती. सोबत ताजा सातबारा लागतो, सिटी सर्व्हेची हद्द असेल तर मालमत्ता पत्रक. अर्जात लगतधारकांची नावं आणि पत्ते द्यावे लागतात, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. शेजारच्या बंगल्याचा मालक वारला असेल, मुलगा वेगळीकडे राहत असेल, आणि आपण जुन्याच नावाने पत्ता दिला, तर नोटीस परत येते. मग मोजणीच्या दिवशी मुलगा येऊन म्हणतो, मला कळवलंच नाही. त्याचं म्हणणं बरोबर असतं, आणि मोजणी लांबते. म्हणून आधी त्या घराचं आजचं नाव शोधावं. शक्य असेल तर स्वतः जाऊन सांगावं की अमुक तारखेला मोजणी आहे, तुम्ही थांबा. नोटीस हातात पडण्याआधी माणूस दारात आला की समोरचा निम्मा शांत झालेला असतो.

मोजणी दिवाळी ते मे या काळात व्हावी असं बघावं. पावसाळ्यात गवतात जुने दगड दिसत नाहीत आणि चिखलात खुंटी धरत नाही. आदल्या दिवशी गवत काढून घ्यावं, विशेषतः चारही कोपऱ्यांतलं. चुना, लाकडी खुंट्या, हातोडा आणि दोन माणसं आपली आपण तयार ठेवावीत. भूकरमापक येतो तो रोव्हर घेऊन. उपग्रहाचा सिग्नल घेत तो आधी आजूबाजूचे पक्के बिंदू धरतो, मग आपल्या हद्दीवर येतो. खुंटी ठोकली जाते, तिच्यापासून पुढच्या खुंटीपर्यंत चुन्याची रेघ ओढली जाते, आणि ती रेघ शेजाऱ्याच्या भिंतीच्या आतून गेली की सगळे गप्प होतात. या क्षणी मालकाने तोंड उघडू नये. ‘‘बघा, मी म्हणत नव्हतो?’’ हे एक वाक्य पुढची दहा वर्षं नासवू शकतं. पंचनाम्यावर शेजाऱ्याने सही केली तर उत्तम. नाही केली तरी तो हजर होता आणि त्याने नकार दिला, याची नोंद होते. मोजणी त्याला मान्य नसेल तर त्याला निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते, आणि हे आपणच त्याला सांगावं. नंतर मिळते ती मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत. तिच्यात अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाटीची हद्द वेगवेगळी दाखवलेली असते.

आता त्या भिंतीचा हिशोब. समजा प्लॉट साठ फूट बाय नव्वद फूट, म्हणजे साधारण पाच गुंठे. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा. शेजाऱ्याची नव्वद फुटी भिंत नऊ इंच आत आली असेल तर साडेसदुसष्ट चौरस फूट गेले. दहा हजार रुपये चौरस फुटाच्या भावाने ते पावणेसात लाख होतात. हा आकडा डोळ्यांपुढे आला की माणूस पेटतो, ते समजण्यासारखं आहे. पण भिंत काढायला लावण्यासाठी शिवाजीनगरच्या न्यायालयात दावा घातला की प्लॉटवर दावा चालू आहे असं होतं, आणि ग्राहक मिळायचा बंद होतो. भिंत किती वर्षांची आहे तेही पाहायला हवं, कारण बारा वर्षांहून जास्त काळ उघड आणि मालक म्हणून ताबा असेल तर शेजारी विरुद्ध कब्जाचा मुद्दा काढू शकतो. माझं मत असं, की इंचांचा प्रश्न असेल तर जागेवर भरेल त्या क्षेत्राचा भाव घ्यावा, खरेदीखतात अभिलेखाचं क्षेत्र आणि मोजणीचं क्षेत्र दोन्ही लिहावीत आणि ग्राहकाला ‘क’ प्रत पहिल्याच भेटीत दाखवावी. फुटांचा प्रश्न असेल, किंवा भिंत नवी असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे आधी भिंतीचा निकाल लावावा आणि मगच विकायला काढावं.

वापराचा प्रश्न हद्दीपेक्षा नाजूक असतो.

शेजाऱ्याची गाडी, त्याच्या मोरीचा पाइप, मागच्या दाराने येण्याजाण्याची पायवाट. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखादा वापर वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून चालू राहिला तर तो खरोखरच हक्क होऊ शकतो, आणि त्यात शेजारच्या खिडकीला मिळणारा उजेड आणि वाराही येतात. मात्र जो वापर मालकाच्या परवानगीने चालतो तो कितीही वर्षं चालला तरी हक्क होत नाही, आणि परवानगी काढून घेता येते. म्हणून गाडी लावू नका असं ओरडण्यापेक्षा साधं पत्र करावं: ‘आपल्या मालकीच्या प्लॉट क्रमांक अमुकमध्ये मी आपल्या परवानगीने गाडी लावतो, माझा त्यावर कोणताही हक्क नाही, आपण सांगाल तेव्हा मी ती काढून घेईन.’ खाली शेजाऱ्याची सही आणि तारीख. हे पत्र चांगले संबंध असतानाच मिळतं. विकायची गोष्ट निघाल्यावर मागायला गेलात तर समोरचा वकिलाला विचारतो, आणि त्याने विचारावंच. मोरीच्या पाइपाचं मात्र पत्रावर भागवू नये. तो ग्राहकाच्या पायात येणारच असतो, त्यामुळे प्लंबर लावून तो शेजाऱ्याच्या हद्दीतून वळवून घ्यावा, आणि खर्च आपण केला तरी परवडतो. झाडांचं आणखी वेगळं. शेजाऱ्याने प्रेमाने लावलेला शेवगा किंवा आंबा शहराच्या हद्दीत मनाला येईल तसा तोडता येत नाही, १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. रात्रीतून झाड पाडून जागा साफ दाखवणारे मालक दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या हातात खरी तक्रार देतात.

कुंपण मोजणीनंतरच घालावं. सिमेंटचे खांब आठ-दहा फुटांवर आणि पाच पदरी काटेरी तार एवढ्याने बऱ्याच गोष्टी आपोआप थांबतात. पाटीवर मालकाचं नाव, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक आणि फोन नंबर असावा. ‘विकणे आहे’ असं मी लिहू नये म्हणेन. ते दोन शब्द वाचून ग्राहकाआधी गल्ली जागी होते आणि भाव कोणाला किती सांगितला याची चर्चा सुरू होते.

मग अफवा. पुण्यात त्या ठरलेल्या असतात, आणि प्रत्येकीला कागदी उत्तर आहे. ‘‘हा प्लॉट रस्त्यात जातो.’’ महापालिकेकडून विकास आराखड्याचा अभिप्राय आणि भाग नकाशा काढून ठेवावा. महापालिकेच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१७ साली मंजूर झालेला आहे, त्यामुळे त्याआधीच्या ऐकीव गोष्टी गल्लीत अजून फिरत असतात. ‘‘इथून ओढा जायचा.’’ २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर येऊन जे झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांच्या तोंडी हे वाक्य आलं तर ते खोडसाळ समजू नये. जुन्या गाव नकाशावर ओढा कुठून दाखवलाय ते पाहावं, नदीजवळ असेल तर निळी आणि लाल पूररेषा पाहावी, आणि पाणी खरंच येत असेल तर ते ग्राहकाला सांगावं. ‘‘त्यांच्या बहिणीची सही नाही.’’ हे सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं, आणि बऱ्याचदा खरं असतं. वडिलांच्या जागेत मुलींचा हिस्सा आहे. तोंडी ‘मला काही नको’ याला अर्थ नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर बहीण खरेदीखताला हजर हवी. शेजाऱ्याने हे ग्राहकाला सांगितलं म्हणून भावाला राग येतो. मला तर वाटतं, अशा वेळी शेजारी बहिणीच्या बाजूने बोलला हे बरंच झालं.

शेजारी बोलतो त्यामागे कधीकधी एक साधं कारण असतं: त्यालाच जागा हवी असते. आणि त्याला ती इतर कोणापेक्षा जास्त मोलाची असते, कारण दोन प्लॉट एक झाले की दोन्हींचा उपयोग वाढतो. पण ग्राहक परत गेले की भाव उतरेल अशी त्याची आशा असते. त्याला पहिल्यांदा विचारावं, हे मी आग्रहाने सांगेन, आणि लेखी विचारावं. भाव इतका, पैसे असे आणि इतक्या दिवसांत, अमुक तारखेपर्यंत कळवा, नंतर आम्ही मोकळे. व्हॉट्सअॅपवरचा मेसेजही चालेल. तारीख उलटली की पुढच्या ग्राहकाशी बोलताना मनात अपराधी वाटत नाही, आणि ‘आम्हाला विचारलं नाही’ हे वाक्यही त्याच्यापाशी उरत नाही. मात्र त्याच्याकडून एकावन्न हजारांचा टोकन घेऊन कच्च्या कागदावर सही देऊ नये. त्यात मुदत नसते, रद्द कधी होणार ते नसतं, आणि वर्षभराने तोच कागद घेऊन तो कराराच्या पूर्ततेचा दावा करतो. विसार घ्यायचाच तर पूर्ण रक्कम, शेवटची तारीख आणि ती चुकल्यास काय, एवढं लिहून घ्यावं. कुलपाची किल्ली देऊ नये, ‘जरा साहित्य ठेवतो’ याला हो म्हणू नये.

वाघोली, सूस, मांजरी, नऱ्हे अशा २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांत प्रकरण आणखी गुंतलेलं असतं. तिथे अनेकदा सातबारा सामाईक, त्यावर पंचवीस नावं, आणि प्लॉटचा वेगळा नकाशाच नाही. अशा ठिकाणी शेजारी नुसता शेजारी नसतो, तो सहधारक असतो, आणि त्याची हरकत ऐकावीच लागते. शेतजमिनीचा प्रमाणभूत, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान, क्षेत्रापेक्षा लहान तुकडा असेल तर १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा येतो, आणि त्याच्या मूळ कलमात असा तुकडा लगतच्या खातेदाराला देण्याचीच वाट ठेवलेली आहे. शहरी भागासाठी हे नियम बदलत आले आहेत, त्यामुळे आजची स्थिती वकिलाकडून तपासून घ्यावी. वाटेचा वाद निघाला तर शेतजमिनीसाठी जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आणि १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, दोन्ही तहसीलदारापुढे चालतात. चालू वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालयात सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. ‘बघू, समजावू’ करत लोक ही मुदत घालवतात.

ग्राहक पक्का झाला की त्याचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो आणि हरकती मागवतो. शेजाऱ्याचं पत्र यायचं असेल तर या वेळी येतं. घाबरू नये. वकिलामार्फत एकच उत्तर द्यावं: आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ कागदपत्रं अमुक दिवसांत पाठवा. कागद नसेल तर पुढचं पत्र सहसा येत नाही, आणि आलंच तर आपलं उत्तर फाईलला लागलेलं असतं. तो न्यायालयात जाऊन एकतर्फी मनाई हुकूम आणेल अशी शंका असेल तर दिवाणी न्यायालयात त्याच्या नावाने कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये अशी सूचना, दाखल करून ठेवावी. ती नव्वद दिवस चालते, म्हणून खरेदीखताची तारीख डोळ्यांपुढे ठेवूनच टाकावी. पोलीस चौकीत जाऊन फार काही हाती लागत नाही. अदखलपात्र नोंद करून ते ही दिवाणी बाब आहे म्हणतात, आणि गल्लीत पोलीस आल्याचं मात्र ग्राहकाच्या कानावर जातं. कुंपण तोडलं किंवा धमकी दिली असेल तर तक्रार करावीच, फोटो आणि तारखेसकट.

या सगळ्यात एक वचन मात्र कोणी देऊ नये. ‘‘काळजी करू नका काकू, इथे बंगलाच होईल,’’ असं विकणारा चांगुलपणाने बोलून जातो. जागा त्याची राहणार नसते. नवा मालक इमारत बांधेल तर नियमाने सोडायचं अंतर सोडेल आणि मजले चढवेल. मग काकूंना वाटतं आपल्याला फसवलं. त्यापेक्षा खरं सांगावं, की काय होईल ते मला माहीत नाही, पण ज्यांना देतोय त्यांची तुमची गाठ घालून देतो.

खरेदीखत नोंदलं गेल्यावर फेरफाराची, म्हणजे नव्या मालकाचं नाव अभिलेखात चढवण्याची, नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. इथे शेजाऱ्याने हरकत घेतली तर नोंद तक्रारी, म्हणजे वादाची, ठरते आणि महसूल अधिकाऱ्यापुढे सुनावणी होते. हक्काचा कागद नसलेली हरकत टिकत नाही, पण त्यात महिने जातात, आणि नवा मालक तेवढे महिने आपल्याला फोन करतो. म्हणून ताबा देताना मूळ कागदांची यादी करून ताबा पावतीवर पोच घ्यावी, आणि त्या यादीत दावा मागे घेतल्याचा आदेश, ‘क’ प्रत आणि शेजाऱ्याचं परवानगीचं पत्र ही नावं स्वतंत्र ओळींत लिहावीत. आदेशाची नक्कल न्यायालयातून काढता येते, ‘क’ प्रतीची भूमी अभिलेखातून. शेजाऱ्याच्या सहीचं पत्र एकच असतं, तेव्हा त्याची एक झेरॉक्स आपल्याकडेही ठेवावी.